आयर्टन सेन्ना ह्याची उमेदवारी

शर्यत म्हणजे काय हें मोहाडीच्या मुलांस शिकवावयास नको. धान मळून घरांत आलें आणि थंडी पडली, म्हणजे भंडारा जिल्ह्यांत जागोजागीं शंकरपट भरतात, व त्या दिवशीं शाळेच्या हजेरीपटावर बरेच रिकामे रकाने दिसतात. पाहणारा नवखा असला तर त्यास वाटतें कीं, बैल पळाले आणि जोडी जिंकली. जाणत्यास मात्र ठाऊक असतें कीं, त्या कांहीं क्षणांच्या मागें वर्षभराची निगा, खुराक, रोजची फेरी आणि धुरकऱ्याच्या हाताची सवय असते. वार्षिक अंकांतून साधुसंतांचीं, संशोधकांचीं आणि देशभक्तांचीं चरित्रें पुष्कळ येतात, आणि तीं यावींतही. यंदा आम्ही एका सारथ्याचें चरित्र सांगणार आहों. तो बैलांचा नव्हे, मोटारींचा सारथि होता. जगांतील सर्वांत वेगवान मोटारींच्या शर्यतींत तो तीन वेळां जगज्जेता झाला आणि वयाच्या चौतिसाव्या वर्षीं शर्यत चालू असतांनाच मरण पावला. त्याच्या विजयांच्या कथा सर्वत्र प्रसिद्ध आहेत. आम्हांस विशेष सांगावयाचें आहे तें त्यांच्या आधींचें, म्हणजे एका लहानशा उघड्या गाडीवर बसून तो ही विद्या कसा शिकला तें.

आयर्टन सेन्ना द सिल्वा ह्याचा जन्म २१ मार्च १९६० रोजीं दक्षिण अमेरिकेंतील ब्राझील देशांत, साओ पाउलो ह्या मोठ्या शहरीं झाला. वडिलांचें नांव मिल्टन द सिल्वा आणि आईचें नेइदे. वडील बहीण विव्हियाने व धाकटा भाऊ लिओनार्दो. मिल्टन ह्यांचा व्यापार चांगला चाललेला होता, शेतजमीनही मोठी होती. तेव्हां घरीं सुबत्ता होती. हें आम्ही आरंभींच सांगतों, कारण मोटारींच्या शर्यतीचा नाद गरिबाघरीं परवडणारा नव्हे, आणि चरित्र लिहिणारानें ही गोष्ट झांकून ठेवूं नये.

लहानपणीं हा मुलगा चपळ होता असें कोणी म्हटलें नसतें. चालतांना तो अडखळे, जिना चढतांना पडे. आईबापांस काळजी वाटून त्यांनीं तो तीन वर्षांचा असतांना त्यास डॉक्टरांकडे नेलें व मेंदूची तपासणी करविली. तींत कांहींच दोष निघाला नाहीं. कवायतीच्या वेळीं ज्यांचा डावाउजवा पाय नेहमीं चुकतो, अशीं मुलें आमच्याही वर्गांत आहेत. त्यांच्या आईबापांनीं एवढें वाचून थोडें निश्चिंत व्हावें.

तो चार वर्षांचा झाला तेव्हां वडिलांनीं त्याच्यासाठीं एक छोटी गाडी तयार केली. गवत कापण्याच्या यंत्राचें एका अश्वशक्तीचें इंजिन तिला बसविलें होतें. ह्या जातीच्या गाडीस कार्ट म्हणतात. जो मुलगा स्वतःच्या पायांवर अडखळत असे, तो ह्या गाडीवर बसला कीं स्थिर होई.

कार्टचा इतिहास फार जुना नाहीं. १९५६ सालीं अमेरिकेंत, कॅलिफोर्निया प्रांतीं, शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या एका कारखान्यांतील आर्ट इंगल्स नांवाच्या कारागिरानें फावल्या वेळांत पोलादी नळ्यांची चौकट जोडली आणि गवत कापण्याच्या यंत्रासाठीं बनविलेलें लहानसें इंजिन तिच्यावर बसविलें. पाहणाऱ्यांस ती गंमत आवडली व थोड्याच वर्षांत तिचा प्रसार युरोप व दक्षिण अमेरिका येथेंही झाला. १९६२ सालीं ह्या खेळाचें आंतरराष्ट्रीय मंडळ निघालें, आणि १९६४ सालापासून जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धा होऊं लागल्या. म्हणजे आयर्टन आणि कार्टचा खेळ हे दोघे बरोबरच वाढले.

कार्टला छप्पर नाहीं, दारें नाहींत, धक्के सोसणाऱ्या कमानी नाहींत. बसणाराची बैठक जमिनीपासून कांहीं बोटांवरच असते. मोटारीच्या मागील दोन चाकांस वळणावर कमीजास्त वेगानें फिरतां यावें म्हणून जी दांतेरी चाकांची योजना असते, तीही येथें नसते. आपल्या बैलगाडीचीं चाकें आंसावर सुटीं फिरतात, म्हणून ती निमूटपणें वळते. कार्टचीं मागचीं दोन्हीं चाकें एकाच आंसास जखडलेलीं असून त्याच्यासकट फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकास अधिक अंतर कापावयाचें असतें व आंतल्यास कमी. तें ह्या बंधनामुळें साधत नाहीं, म्हणून गाडी हट्टानें सरळच जाऊं पाहते. तिला वळवावयाचें तर आंतलें मागचें चाक क्षणभर जमिनीवरून उचललें गेलें पाहिजे, किंवा निदान त्याच्यावरचा भार तरी हलका झाला पाहिजे. सुकाणूची तिरपी ठेवण, चौकटीचें लवणें आणि चालविणाराच्या अंगाचा भार हीं तिन्हीं मिळून तें काम करितात. रस्ता आणि मनुष्य ह्यांच्यामध्यें दुसरें कांहींच नसल्यामुळें चाक कोठें धरतें आहे, कोठें घसरतें आहे, हें चालविणारास पाठीच्या कण्यांतून कळतें. मोटारींच्या शर्यतीचे बहुतेक थोर सारथी आज ह्याच पाठशाळेंतून आलेले आहेत, त्याचें कारण हें आहे.

सातव्या वर्षीं आयर्टन वडिलांच्या शेतावर जीप चालवूं लागला. क्लच न दाबतां गिअर बदलण्याची युक्तीही त्यास तेथेंच साधली. येथें पालकांनीं एक गोष्ट पाहावी. मिल्टन ह्यांनीं मुलास वेग दिला, परंतु तो स्वतःच्या शेतांत. सार्वजनिक रस्त्यावर नव्हे. ओठावर मिसरूड फुटण्यापूर्वींच बापाची मोटारसायकल भंडारा-तुमसर रस्त्यावर पिटाळणें ह्यास शर्यत म्हणत नाहींत. २०१९ सालीं सुधारलेल्या मोटार-वाहन कायद्याप्रमाणें अशा अल्पवयी मुलाच्या अपराधाबद्दल पालकास २५,००० रुपये दंड व ३ वर्षांपर्यंत कैद होऊं शकते, हें पुष्कळांस अद्याप ठाऊक नसावें.

ब्राझीलमध्यें त्या काळीं तेरा वर्षें पुरीं झाल्याखेरीज कार्टच्या शर्यतींत उतरतां येत नसे. म्हणजे चवथ्या वर्षापासून नऊ वर्षें ह्या मुलानें केवळ सराव केला. शेवटीं १९७३ सालीं साओ पाउलोच्या इंटरलागोस भागांतील कार्टच्या रस्त्यावर त्याची पहिली शर्यत झाली. भोंवतालचे स्पर्धक कित्येक वर्षें शर्यती खेळलेले, कांहीं तर वयानें बरेच मोठे होते. आरंभीच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरविल्या गेल्या आणि पहिल्या जागेची चिठ्ठी ह्या नवख्याच्या हातीं आली, असें सांगतात. शर्यतीचा बराच भाग तो सर्वांच्या पुढें होता. परंतु अखेरीस एका स्पर्धकाशीं टक्कर होऊन तो बाहेर पडला. नऊ वर्षांच्या सरावाचें फळ म्हणून त्या दिवशीं त्याच्या हातीं कांहींच लागलें नाहीं.

वडिलांनीं त्यास लुसिओ पास्क्वाल नांवाच्या, मूळच्या स्पेन देशांतील कारागिराच्या हातीं सोंपविलें. लोक त्या कारागिरास चे म्हणत. कार्टचीं इंजिनें सिद्ध करण्यांत त्याचा हातखंडा होता. नवशिक्यास गाडी मिळाली कीं त्यास वाटतें, गुरूची गरज संपली. वास्तविक तेथेंच ती सुरू होते. आयर्टननें ही गोष्ट लौकर ओळखली आणि ह्या कारागिराशीं त्याचा स्नेह पुढें जन्मभर टिकला.

त्या पहिल्या कांहीं वर्षांत घडलेली एक गोष्ट त्याच्या घरचीं माणसें पुढें नेहमीं सांगत असत. एका शर्यतीच्या वेळीं पाऊस आला. कोरड्या रस्त्यावर ज्यांस तो मागें टाकीत असे, ते ओल्या रस्त्यावर त्याच्या पुढून निघून गेले, आणि आपणांस पावसांत गाडी मुळींच चालवितां येत नाहीं हें त्यास सर्वांदेखत कळून चुकलें. त्या दिवसापासून त्यानें असा नेम केला कीं, साओ पाउलोवर पाऊस पडूं लागला म्हणजे इतर मुलें गाड्या झांकून घरीं जात, तेव्हां ह्यानें गाडी बाहेर काढावी. भिजून चिंब व्हावें, गाडी गर्रकन फिरावी, पुन्हां ढकलून सुरू करावी, पुन्हां त्याच वळणावर जावें. ओल्या रस्त्यावर नेहमींची वाट सोडावी लागते, कारण रबर घासून गुळगुळीत झालेली जागाच पावसांत सर्वांत अधिक निसरडी होते. बाहेरच्या खरखरीत भागावर पकड सांपडते. कोणत्या वळणावर ती कोठें सांपडते हें ज्याचें त्यानेंच शोधावें लागतें. ह्या मुलानें तें शोधलें. त्याच्या आयुष्यांतील इतर कोणत्याही गोष्टीपेक्षां ही एक गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते, आणि पुढें जें घडलें त्यावरून तिचें महत्त्व वाचकांच्याही ध्यानांत येईल.

शाळेचें काय, असें पालक विचारतील. अभ्यासांत हयगय झाली तर गाडी बंद, अशी वडिलांची अट होती. साओ पाउलो येथील कोलेजिओ रिओ ब्रांको ह्या विद्यालयांतून १९७७ सालीं आयर्टन उत्तीर्ण झाला. त्याचे गुण एकंदरींत शेंकडा ६८ पडले. हे कांहीं बक्षिसाचे गुण नव्हत, परंतु अगदींच टाकाऊही नव्हत, कारण त्याच वर्षीं दक्षिण अमेरिकेचें कार्टचें अजिंक्यपदही त्यानें मिळविलें होतें. पुढें व्यापारशिक्षणाच्या महाविद्यालयांत त्यानें नांव घातलें व तीन महिन्यांत सोडलें. त्याची ही दुसरी गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं तितक्या उत्साहानें वाचूं नये.

नवशिक्यानें कार्टवर प्रथम काय शिकावयाचें असतें, हें येथें थोडक्यांत सांगितलें तर त्याच्या सरावाचा अर्थ नीट उमजेल. नवखा मनुष्य वळण अंगावर येईपर्यंत वेग सोडीत नाहीं, आणि वळणांत शिरल्यावर घाबरून ब्रेक दाबतो. कार्टचा ब्रेक बहुधा मागच्या आंसासच असतो; त्यामुळें मागचीं चाकें घसरतात आणि गाडी तोंड फिरवून उभी राहते. म्हणून गाडी सरळ असेल तेव्हांच ब्रेक लावावा, हा पहिला धडा. मग वळणाची वाट. बाहेरच्या कडेनें शिरावें, मध्यावर आंतल्या कडेस चिकटून जावें आणि सुटतांना गाडीस पुन्हां बाहेरच्या कडेपर्यंत जाऊं द्यावें. असें केल्यानें वळण जितकें सरळ होऊं शकतें तितकें होतें. नजर चाकापुढच्या जमिनीवर न ठेवतां पुढल्या वळणावर ठेवावी, म्हणजे हात तिच्यामागें आपोआप जातात. सुकाणूस हिसका देणारा मनुष्य दिसावयास शूर दिसतो, परंतु घड्याळ त्याच्या विरुद्ध साक्ष देतें, कारण पुढचें चाक जितकें तिरपें घासावें तितका वेग खर्च होतो. आयर्टनच्या वेळच्या १०० घनसेंटिमीटरच्या इंजिनास तर क्लच व गिअर नसत. गाडी ढकलून सुरू करावी लागे, आणि पळतां पळतां एक हात मागें नेऊन कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवीत हवा व इंधन ह्यांचें प्रमाण राखावें लागे. एका हातानें सुकाणू, दुसऱ्या हातानें इंजिन, आणि कानांनीं त्याचा आवाज, असें तें त्रिविध अवधान होतें.

आपल्या महाराष्ट्रांत ही विद्या शिकतां येते काय, असें कोणी विचारील. येते. कोल्हापूर येथें कार्टच्या शर्यतींचा रस्ता झाला असून तेथें राष्ट्रीय दर्जाच्या स्पर्धाही झाल्या आहेत. मुंबईचा जेहान दारूवाला हा कार्टवरच आरंभ करून युरोपांत गेला आणि २०२० सालीं बाहरीन देशांत फॉर्म्युला टू ह्या दुसऱ्या श्रेणीची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. नवशिक्यानें एकदम गाडी विकत घेण्याची कांहीं गरज नसते. भाड्याच्या गाड्या असतात, त्यांवर कांहीं फेऱ्या मारून आपणांस हें खरोखर आवडतें कीं केवळ त्याचा आवाज आवडतो, तें प्रथम पाहावें. शिरस्त्राण, हातमोजे, बंद बूट, मानेचा पट्टा आणि बरगड्यांचें संरक्षण करणारें जाकीट ह्यांवांचून बसूं नये. कार्टवर अंगास पट्टा बांधीत नाहींत, कारण गाडी उलटली तर मनुष्य तिच्याखालीं अडकण्यापेक्षां बाजूस पडलेला बरा. खर्च मात्र मोठा आहे. टायर लौकर झिजतात, इंजिन वारंवार उघडावें लागतें, आणि मोहाडीहून कोल्हापूर म्हणजे महाराष्ट्राच्या एका टोंकाकडून दुसऱ्याकडे जाणें आहे. हें सर्व पाहून जो पालक नाहीं म्हणेल त्यास आम्ही कठोर म्हणणार नाहीं.

आतां पुन्हां आयर्टनकडे वळूं. १९७८ सालीं, अठराव्या वर्षीं, तो युरोपांत गेला. इटलींत मिलान शहरीं पार्रिल्ला बंधूंचा कार्ट बनविण्याचा प्रसिद्ध कारखाना होता. त्यांच्या वतीनें तो खेळूं लागला. तेथें त्याचा सोबती टेरी फुलर्टन हा इंग्रज होता. फुलर्टन १९७३ चा जगज्जेता, वयानें मोठा व डावपेंचांत मुरलेला. एकाच कारखान्याच्या दोन गाड्या असल्या कीं यंत्राची सबब सांगतां येत नाहीं. त्याच्याशीं झगडतांना ह्या तरुणास आपली खरी किंमत कळली. फ्रान्समधील ल मां येथें त्या वर्षीं झालेल्या जागतिक स्पर्धेंत तो सहावा आला.

पुढल्या वर्षीं, १९७९ सालीं, पोर्तुगाल देशांत एस्तोरिल येथें ही स्पर्धा झाली. सेन्ना आणि हॉलंडचा पीटर कूने ह्यांचे गुण सारखेच भरले. परंतु बरोबरी सोडविण्याचा जो नियम होता त्याप्रमाणें अजिंक्यपद कूनेस मिळालें. १९८० सालीं बेल्जममध्यें निव्हेल येथें तो पुन्हां दुसरा आला. त्या स्पर्धेस प्रेक्षकांत जर्मनीहून आलेला अकरा वर्षांचा एक मुलगा होता. पिवळें शिरस्त्राण घातलेल्या त्या ब्राझीलच्या तरुणाचें चालविणें पाहून तो थक्क झाला. त्या मुलाचें नांव मायकेल शुमाकर. त्याची हकीकत स्वतंत्र लेखाची आहे.

सेन्नानें १९८१ व १९८२ सालीं, मोटारींच्या शर्यतींत शिरल्यानंतरही, ह्या पदासाठीं प्रयत्न केला. एकंदर पांच वेळां तो तेथें गेला आणि पांचही वेळां रिकाम्या हातांनीं परतला. मोटारींचा जगज्जेता तीनदां झालेला हा मनुष्य कार्टचा जगज्जेता कधींच झाला नाहीं, आणि ही खंत त्याच्या मनांतून शेवटपर्यंत गेली नाहीं.

१९८१ सालीं तो इंग्लंडांत राहावयास गेला व फॉर्म्युला फोर्ड नांवाच्या आरंभीच्या श्रेणींत उतरला. एकाच वर्षांत दोन अजिंक्यपदें त्यानें मिळविलीं. आणि मग, सर्व कांहीं मनासारखें चाललें असतां, वर्षाच्या शेवटीं त्यानें शर्यती सोडल्याचें जाहीर केलें. घरून बोलावणें आलें होतें. वडिलांची इच्छा अशी कीं, मुलानें आतां हा खेळ पुरा करावा आणि घरचा व्यापार पाहावा. तो ब्राझीलला परतला, वडिलांच्या पेढीवर बसला. ज्या बापानें चवथ्या वर्षीं गाडी बांधून दिली, त्यानेंच एकविसाव्या वर्षीं ती सोडावयास सांगितलें, ह्यांत विसंगति आहे असें आम्हांस वाटत नाहीं. खेळ म्हणून दिलेली वस्तु मुलाचें आयुष्य मागूं लागली म्हणजे कोणताही बाप थबकेल. मुलगाही आज्ञेबाहेर गेला नाहीं. त्यानें खरोखरच काम करून पाहिलें. परंतु मन तेथें नव्हतें, आणि हें घरच्यांस दिसत होतें. कांहीं महिन्यांनीं मिल्टन ह्यांनीं त्यास परत जाऊं दिलें. मुलाच्या मनाविरुद्ध मुलाचें हित कितपत करावें, ह्या प्रश्नाचें उत्तर त्या घरांत जें निघालें त्याचा शेवट पुढें बारा वर्षांनीं काय झाला, हें ध्यानांत आणलें म्हणजे त्या बापाच्या जागीं आपण काय केलें असतें हें सांगणें कठीण पडतें.

परत गेल्यावर त्यानें द सिल्वा हें आडनांव मागें ठेवलें, कारण ब्राझीलमध्यें तें फार सर्वसाधारण आहे. आणि आईचें माहेरचें नांव सेन्ना, तेंच तो लावूं लागला. १९८२ सालीं त्यानें ब्रिटनचें व युरोपचें अशीं दोन अजिंक्यपदें जिंकलीं, १९८३ सालीं ब्रिटनच्या फॉर्म्युला थ्री श्रेणींत पहिल्या नऊ शर्यती ओळीनें जिंकून तेथेंही तो विजयी झाला, आणि १९८४ सालीं फॉर्म्युला वन ह्या सर्वोच्च श्रेणींत शिरला.

तेथें त्यास मिळालेली टोलमन कंपनीची मोटार कांहीं उत्तमांपैकीं नव्हती. ३ जून १९८४ रोजीं मोनॅको येथें शर्यत होती. शहराच्या अरुंद रस्त्यांवरची ती शर्यत, आणि त्या दिवशीं मुसळधार पाऊस. तेराव्या जागेवरून निघालेला हा नवखा तरुण एकामागून एक नामांकितांस मागें टाकीत दुसऱ्या जागीं आला, आणि पहिल्या जागीं असलेल्या अ‍ॅलन प्रोस्ट ह्यास गांठणार इतक्यांत पावसामुळें ३१ व्या फेरीनंतर शर्यत थांबविण्यांत आली. प्रोस्ट जिंकला, परंतु लोक सेन्नाविषयीं बोलत घरीं गेले. पुढल्या वर्षीं, २१ एप्रिल १९८५ रोजीं, लोटस कंपनीच्या मोटारींत बसून त्यानें आपला पहिला विजय मिळविला. तोही पावसांतच, आणि स्थळ तें पोर्तुगालमधील एस्तोरिल, जेथें सहा वर्षांपूर्वीं सारखे गुण असून कार्टचें अजिंक्यपद त्याच्या हातून गेलें होतें. आरंभापासून अखेरपर्यंत तो पुढें राहिला व दुसऱ्यास त्यानें एक मिनिटाहून अधिक अंतरानें मागें टाकलें. साओ पाउलोच्या पावसांत एकट्यानें भिजलेल्या त्या मुलाची मजुरी येथें चुकती झाली.

ह्यापुढील वैभवाचा काळ सर्वश्रुत असल्यामुळें आम्ही तो भरभर सांगतों. १९८८ सालीं तो मॅक्लारेन कंपनींत गेला आणि १९८८, १९९० व १९९१ ह्या तीन वर्षीं जगज्जेता झाला. एकंदर १६१ शर्यतींपैकीं ४१ त्यानें जिंकल्या, आणि ६५ वेळां सर्वांत जलद फेरी करून आरंभीची पहिली जागा मिळविली; हा दुसरा विक्रम २००६ सालापर्यंत अबाधित होता. २४ मार्च १९९१ रोजीं इंटरलागोस येथें, स्वतःच्या गांवच्या लोकांपुढें, तो प्रथमच जिंकला. शेवटीं शेवटीं त्याच्या मोटारीचे इतर गिअर निकामी होऊन केवळ सहावा उरला होता. त्या एकाच गिअरवर पावसाच्या सरींत त्यानें गाडी शेवटच्या रेषेपार नेली, आणि उतरल्यावर चषक उचलण्याइतकेंही बळ त्याच्या खांद्यांत राहिलें नव्हतें.

परंतु त्याचें सर्वच वर्तन वाखाणण्यासारखें होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. ऑक्टोबर १९९० मध्यें जपानांतील सुझुका येथें पहिल्याच वळणावर त्यानें प्रोस्टच्या मोटारीवर आपली मोटार घातली. दोघेही बाहेर पडले व अजिंक्यपद सेन्नास मिळालें. आदल्या वर्षीं त्याच ठिकाणीं आपणांवर अन्याय झाला, असें त्याच्या मनानें घेतलें होतें. पुढें वर्षभरानें, हें आपण जाणूनबुजून केलें, असें त्यानें स्वतःच सांगितलें. तो बायबल वाचणारा, देवाविषयीं उघडपणें बोलणारा मनुष्य होता; म्हणून तर ही गोष्ट अधिकच बोंचते. ताशीं दोनशें किलोमीटरहून अधिक वेगानें जाणाऱ्या दुसऱ्या मनुष्याचा जीव त्यानें त्या क्षणीं पणाला लावला, आणि त्यास कोणतीही सबब पुरी पडत नाहीं. ह्याच मनुष्यानें १९९२ सालीं बेल्जममध्यें सरावाच्या वेळीं एरिक कोमास ह्या सारथ्यास अपघात झाला असतां स्वतःची मोटार थांबविली, मागून येणाऱ्या गाड्यांची पर्वा न करितां रस्त्यावरून धांवत जाऊन त्याच्या मोटारीचें चालू राहिलेलें इंजिन बंद केलें, आणि मदत येईपर्यंत त्याचें डोकें सांवरून धरलें. दोन्हीं गोष्टी खऱ्या आहेत.

जगज्जेता झाल्यावरही कार्ट त्याच्यापासून सुटली नाहीं. ब्राझीलमधील ताटुई येथील आपल्या शेतावर त्यानें कार्टचा रस्ता करविला होता. सुटीच्या दिवसांत मित्र व आप्त ह्यांच्याबरोबर तो तेथें खेळे. १९९३ सालीं, आजवरचा सर्वांत समाधान देणारा प्रतिस्पर्धी कोण, असें वृत्तपत्रकारांनीं विचारलें तेव्हां प्रोस्टचें नांव येईल अशी सर्वांची अपेक्षा होती. त्यानें नांव घेतलें तें कार्टवरील जुन्या सोबत्याचें, टेरी फुलर्टनचें, आणि कारण असें दिलें कीं, त्या शर्यतींत पैसा व राजकारण नव्हतें, केवळ चालविणें होतें. जमलेल्यांपैकीं बहुतेकांनीं तें नांव तोंपर्यंत ऐकलेंही नसावें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पॅरिस येथें बर्सी नांवाच्या बंदिस्त क्रीडागृहांत नामांकित सारथ्यांची कार्टची शर्यत भरली. सेन्ना आणि नुकताच निवृत्त झालेला प्रोस्ट हे एकमेकांशीं शेवटचे खेळले ते तेथें, लहान मुलांच्या म्हणविल्या जाणाऱ्या ह्या गाड्यांवर बसून.

१९९४ सालीं तो विल्यम्स कंपनींत गेला. एप्रिलच्या अखेरीस इटलींत इमोला येथें शर्यत होती. शनिवारीं, ३० एप्रिल रोजीं, सरावांत ऑस्ट्रियाचा रोलांड रात्झेनबर्गर हा सारथी मरण पावला. सेन्ना स्वतः अपघाताच्या जागीं जाऊन आला व फार अस्वस्थ झाला. दुसऱ्या दिवशीं, १ मे रोजीं, शर्यत सुरू झाली. सातव्या फेरींत, तो सर्वांच्या पुढें असतां, ताम्बुरेल्लो नांवाच्या वळणावर त्याची मोटार रस्ता सोडून भिंतीवर आदळली. त्याच दिवशीं बोलोन्या येथील रुग्णालयांत त्याचा अंत झाला. त्याच्या मोटारींत ऑस्ट्रियाचें निशाण सांपडलें. जिंकल्यावर रात्झेनबर्गरच्या स्मरणार्थ तें फडकवावें असा त्याचा बेत होता, असें सांगतात. अपघाताच्या कारणाविषयीं इटलीच्या न्यायालयांत वर्षानुवर्षें खटला चालला. शर्यतीच्या मोटारी, रस्ते व वळणें ह्यांच्या सुरक्षिततेविषयीं मात्र तेव्हांपासून जे नियम कडक झाले, त्यांमुळें पुढें वीस वर्षें त्या श्रेणींत कोणाही सारथ्यास प्राणघातक अपघात झाला नाहीं.

ब्राझील सरकारनें तीन दिवस दुखवटा पाळला. साओ पाउलोच्या रस्त्यांवर लाखों लोक उभे होते. शवपेटीस खांदा देणाऱ्यांत अ‍ॅलन प्रोस्ट होता, आणि टेबलावर एकमेकांकडे न पाहणाऱ्या त्या दोघांचें वैर सर्व जगास ठाऊक असल्यामुळें पाहणारांचे डोळे तेथेंच खिळले.

मृत्यूपूर्वीं थोडे दिवस त्यानें आपली बहीण विव्हियाने हिच्याशीं देशांतील गरीब मुलांसाठीं कांहीं करण्याविषयीं बोलणें केलें होतें. तिनें त्याच वर्षीं नोव्हेंबरांत त्याच्या नांवानें संस्था काढली. सरकारी शाळांतील मुलांचें शिक्षण सुधारणें हें तिचें मुख्य काम असून ब्राझीलमधील लाखों मुलांपर्यंत तें पोंचलें आहे. इंटरलागोस येथील कार्टच्या ज्या रस्त्यावर तेराव्या वर्षीं त्याची पहिली शर्यत अपुरी राहिली, त्या रस्त्यास साओ पाउलो शहरानें त्याचें नांव दिलें आहे.